सातवा चौकोन

१

माझं काम सांगायला लागले की ऐकणाऱ्याला जांभया येतात, म्हणून थोडक्यात सांगते.

दगाश गावच्या खजुराच्या बागा जिथे संपतात तिथे सी तय्येब, म्हणजे श्रीयुत तय्येब, यांची वखार आहे. वखारीत थंड खोल्या सहा. मधल्या बोळाच्या या हाताला तीन, त्या हाताला तीन आणि टोकाला चुना फासलेली कोरी भिंत. प्रत्येक खोलीत एक छोटा डबा बसवलाय. तो आतलं तापमान मोजतो, पंखा फिरवतो आणि दाराचा अडसर सरकवतो. अडसर सरकला की 'खर्र, टक' असा आवाज येतो. ऑफिसातल्या स्क्रीनवर प्रत्येक खोलीचा एक चौकोन दिसतो. वर नंबर, मध्ये तापमान, खाली 'दार' आणि 'पंखा' अशी दोन बटणं.

हे चौकोन मी आधीपासून काढून ठेवलेले नाहीत, एवढं फक्त ध्यानात असू द्या. सी तय्येब मालक माणूस, मनात येईल तेव्हा एखादी खोली बंद करणार, एखादी चालू करणार, आणि दर वेळी "पोरी, जरा येऊन जा" म्हणून मला तोझर शहरातून बोलावणार. या येण्याजाण्याला मी विटले. मग प्रोग्रॅमच असा लिहिला की सुरू झाल्यावर तो तारेवरून हाक मारतो : कोण कोण आहे? जो डबा ओ देईल त्याचा चौकोन, त्याची बटणं, सगळं तिथल्या तिथे तयार होतं. ओ बंद झाली की चौकोन जातो. मला या कामाचा भारी अभिमान होता.

त्या खोल्या सांभाळतो माझा मोठा भाऊ मुन्जी. इतकी वर्षं थंडीत काढून त्याचे हात बारा महिने गार असतात आणि बोटांना चिरा पडलेल्या असतात. घरी आल्यावर आई त्याच्या हातांना ऑलिव्हचं तेल चोळते. त्याची एक सवय आहे. दोन्ही तळवे तोंडापाशी धरतो, दोनदा आखूड फुंकतो आणि एकदा लांब. भर उन्हाळ्यातसुद्धा. मी त्यावरून त्याला चिडवते आणि तो मला सिहेम न म्हणता 'इंजिनीयरबाई' म्हणून चिडवतो, कारण घरात शिकलेली मी एकटीच.

त्या सकाळी त्याचाच फोन आला.

"इंजिनीयरबाई, तुमच्या यंत्राला ताप आलाय. सातवी खोली दाखवतंय."

"सहाच आहेत ना रे?"

"मी काल मोजल्या तेव्हा तरी सहाच होत्या. रात्रीतून मालकांनी बांधली असेल तर ठाऊक नाही."

२

मी गेले. स्क्रीनवर सहा चौकोन ओळीत होते, प्रत्येकात दोन अंश. शेजारी सातवा. तसाच, त्याच रंगाचा, त्याच दोन बटणांचा. तापमान छत्तीस पूर्णांक आठ.

सी तय्येब खुर्चीत बसून चहात बदाम टाकत होते. "तुझ्या प्रोग्रॅमनं मला फुकटात खोली बांधून दिली," ते म्हणाले. "नगरपालिकेच्या कानावर घालू नकोस, कर लावतील."

"कुठलीतरी तार खराब असेल. सहांपैकी एखादा डबा दोनदा ओ देत असेल."

"मग त्याचं तापमान दोन नको का?" मुन्जी म्हणाला. तो तळव्यांत फुंकत उभा होता. "छत्तीस म्हणजे कुणीतरी आत उभं आहे."

"तू खजूर बघ. हे मी बघते."

खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला झोंबलं. मलाही तेच वाटलं होतं. कपाटात एक जादा डबा पडून होता, तो काढून पाहिला. त्याला तारच जोडलेली नव्हती. पण कारण सापडणार याची मला खात्री होती. माझ्या कामात भुतं नसतात, चुका असतात, आणि चूक धीरानं शोधली की सापडते.

३

दुपारी खजूर निवडणाऱ्या बायका जेवायला घरी गेल्या. वखार शांत झाली. ऑफिसच्या मागे पत्र्याची पेटी आहे, सगळ्या खोल्यांच्या तारा तिथे येतात. मी एकेक तार काढायची आणि मुन्जीनं स्क्रीनकडे बघून ओरडायचं, असं ठरलं.

पहिली काढली.

"एक गेली!"

दुसरी, तिसरी. मुन्जी प्रत्येकीला निरोप देत होता. "जा गं बाई, सुखी राहा!" चौथी, पाचवी. सहावी काढताना मी मनात म्हणत होते, आता सहावीबरोबर सातवीही जाणार आणि कळणार की सहावाच डबा दोनदा ओ देत होता.

सहावी काढली.

"गेली का?"

"सहावी गेली," तो म्हणाला. या वेळी त्यानं निरोप दिला नाही.

मी आत आले. सगळा स्क्रीन रिकामा आणि कोपऱ्यात तो एकच चौकोन. पेटीत एकही तार लागलेली नव्हती. छत्तीस पूर्णांक आठ. आम्ही बघत असतानाच नऊ झालं, पुन्हा आठ झालं.

आता मला राग आला. भीती वाटली की मला आधी राग येतो. मी सातव्या चौकोनातलं 'पंखा' दाबलं.

बोळाच्या टोकाकडून पंख्याची घरघर सुरू झाली.

आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. सहाही खोल्यांचे पंखे बंद होते, त्यांच्या तर ताराच माझ्या हातात होत्या. घरघर चुन्याच्या भिंतीतून येत होती. मग मागे स्क्रीनवर 'टुक' झालं. बटण आपोआप परत फिरलं होतं आणि घरघर थांबली होती.

"तू बंद केलंस?" मुन्जीनं विचारलं.

"मी तुझ्या शेजारी उभी आहे."

"मग त्याला गार लागलं असेल," तो म्हणाला, हसण्याचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमलं नाही.

मी वखारीला वळसा घालून मागे गेले. त्या भिंतीच्या पलीकडे खजुराची झाडं आणि पाण्याचा पाट. पाटाच्या कडेला एक गाढव बांधलेलं. दुसरं काहीही नव्हतं. 'दार' या बटणाला मी हात लावला नाही. मला धीर झाला नाही, दुसरं काय.

४

"परवा गिऱ्हाईक येतंय," सी तय्येब म्हणाले. "परदेशी माणूस, चौकस. त्याला मी सहा खोल्या सांगितल्यात. सातवी दिसली तर म्हणेल, तिच्यात काय लपवता? झाकून टाक."

"झाकणं म्हणजे दुरुस्ती नाही."

"पोरी, माझ्या गुडघ्याचीही दुरुस्ती होत नाही. मी त्यावर जुब्बा घालतो."

तारा परत लावून मी तो झाकला. आमच्या धंद्यात चौकोन मोडणं वेगळं आणि लपवणं वेगळं. मोडला की संपला. लपवला की फक्त दिसेनासा होतो. तो तिथेच असतो, त्याची बटणं जिवंत असतात, तारेवर कान लावून बसलेला असतो. मोडून पाहिलेला, तर तो पुन्हा उगवत होता. म्हणून लपवला.

ते करताना चौकोन बनवणारा सगळा भागच घाईघाईत नव्यानं लिहिला. सहा चौकोन दिसले, सातवा दिसेना, सी तय्येब खूश झाले. एकेक बटण दाबून बघायला हवं होतं. दारं एरवी कडीनंच उघडतात, स्क्रीनवरून उघडायची वेळ येत नाही, म्हणून मी तसंच सोडलं.

५

गिऱ्हाईक आलं, खजूर चाखून खूश झालं आणि सी तय्येब त्याला जेवायला तोझरला घेऊन गेले. बायकाही घरी गेल्या. वखारीत मुन्जी आणि मी. चार नंबरच्या खोलीतला माल पुढे बंदरावर जायचा होता. त्याआधी अळी मरावी म्हणून त्याला धुरी द्यायची होती.

धुरी म्हणजे गोळ्या. तबकात मांडल्या की हवेतल्या ओलीनं त्यांतून हळूहळू विषारी वायू सुटतो. लसणासारखा वास येतो. माणसानं मुखवटा घालून आत जायचं, तबकं ठेवायची, बाहेर यायचं आणि दार लावायचं. ते जड दार आपोआप मिटतं आणि मिटलं की अडसर बसतो. म्हणून मुन्जी नेहमी उंबऱ्यावर खजुराचा भरलेला खोका ठेवतो. आतही एक लाल बटण आहे, सुटकेचं. तेसुद्धा माझ्याच प्रोग्रॅमला सांगून दार उघडतं.

"इंजिनीयरबाई, मी निघालो," मुखवट्यातून त्याचा आवाज आला. "परत आलो नाही तर माझ्या वाटणीची भाकरी तू खा."

"आईनं मिरची भरलीय त्यात, तुझी तूच खा."

मी ऑफिसात गेले. थोड्या वेळानं 'खर्र, टक' ऐकू आलं. मला वाटलं, झालं याचं काम. बाहेर डोकावले तर बोळात मुन्जी नव्हता. चार नंबरचं दार बंद होतं आणि भरलेला खोका समोरच्या भिंतीशी, कडेला कड लावून, नीट ठेवलेला होता.

मग आतून ठोसे बसायला लागले.

मी धावत स्क्रीनपाशी आले. चौथ्या चौकोनातलं 'दार' दाबलं. 'दार उघडं आहे' अशी अक्षरं उमटली. कुठेतरी खर्र, टक झालं. बोळात येऊन बघते तर चार नंबर जसाच्या तसा बंद. ठोसे चालूच. मी परत गेले, परत दाबलं. उघडं आहे. उघडं आहे. प्रोग्रॅम शपथेवर सांगत होता आणि आत माझा भाऊ दार बडवत होता. मुखवट्याची गाळणी जुनी झाली आहे असं तो आदल्या दिवशीच म्हणाला होता.

बोळाच्या तोंडाशी एक लोखंडी दांडा टांगलेला असतो. वीज गेली तर दाराच्या वरच्या भोकात घालून हातानं अडसर फिरवायचा. मी तो काढला, भोकात घातला आणि लटकले. जाम. जोर लावला, अडसर केसभर हलला. लसणाचा वास यायला लागला होता. मी रडत होते, 'मुन्जी, आले, आले' असं ओरडत होते.

"सिहेम."

माझ्या मागे मुन्जी उभा होता.

"काय करतेस?" तो म्हणाला. "वायू बाहेर येईल."

तो माझ्या मागे उभा होता, म्हणजे बोळाच्या बंद टोकाकडे, चुन्याच्या भिंतीपाशी. हे माझ्या लक्षात आलं. आणि मी ते बाजूला सारलं, कारण तो जिवंत होता. मी त्याच्या गळ्यात पडले, शिव्या दिल्या, पुन्हा गळ्यात पडले. त्यानं माझा हात दांड्यावरून सोडवला आणि दांडा भोकातून काढून खुंटीवर लावला.

"आत कोण ठोकत होतं?" मी विचारलं.

"पंखा आहे तो. पातं सुटलंय."

ठोसे आता हळू झाले होते. दोन बसले, मग एक. मग थांबले. पंख्याचं पातं असं वाजत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते पटवून घ्यायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. त्याच्या हातात माझा हात होता आणि त्याचा हात गरम होता.

६

"याचे हात बरे झाले!" त्या रात्री घरी आई म्हणाली. तिनं तेलाची बाटली आणली होती, ती तशीच खाली ठेवली. "बघ गं सिहेम, एक चीर नाही. देवानं ऐकलं माझं."

मुन्जी स्वयंपाकघराच्या पडद्याशी बसून जेवत होता. नीट जेवत होता. आईनं विचारलेल्याला उत्तर देत होता, मांजराला बाजूला सारत होता. मांजर बाजूला सारलं की परत येतं. आमचं मात्र जे गेलं ते अंगणातल्या डाळिंबावर चढून बसलं. या सगळ्याला कारणं असतात. दमलेला माणूस थट्टा करत नाही. विषातून वाचून आलेला माणूस गप्प होतो.

पण तो तळव्यांत फुंकत नव्हता. आणि मला एकदाही इंजिनीयरबाई म्हणाला नव्हता.

धुरीची मुदत संपल्यावर चार नंबर उघडला, वारा खेळू दिला, मग मी आत गेले. खोके होते, तबकं होती, पंखा होता. पंख्याची सगळी पाती जागच्या जागी घट्ट होती. दाराच्या आतल्या बाजूला, लाल बटणाखाली, मुन्जीचा मुखवटा पडलेला होता.

"येताना काढून टाकला," मुन्जी दारातून म्हणाला. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

धुरीच्या खोलीतून बाहेर येताना मुखवटा आतच काढून टाकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

७

आज मुन्जी सुट्टी घेऊन घरी थांबला. मी वखारीत आले आणि प्रोग्रॅम उघडून बसले. चार नंबर का उघडला नाही, हे मला बघायचंच होतं.

चूक सापडली. नवशिक्या पोरानं करावी अशी चूक. प्रोग्रॅम एक फेरी मारतो आणि फेरीत एकामागून एक बटणं तयार करतो. प्रत्येक बटणाला त्याचं त्याचं दार सांगावं लागतं. घाईत मी प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, 'दाबलं गेलंस की फेरीच्या हातात जे दार असेल ते उघड.' आणि फेरी संपते तेव्हा तिच्या हातात शेवटचं दार उरतं. स्क्रीनवर एक दाबा, चार दाबा, आतलं लाल बटण दाबा, सगळ्यांनी उघडायचं ते एकच दार.

शेवटचा चौकोन सातवा होता. लपवलेला.

म्हणजे त्या दुपारी मी चार नंबर उघडतच नव्हते. आत मुन्जीही लाल बटणावर मूठ मारत होता आणि तोही तेच दार उघडत होता. मग त्या दारातून जे आलं त्यानं माझ्या हातातून दांडा काढून घेतला आणि आता ते माझ्या आईच्या हातचं जेवत होतं.

हे मी मनातल्या मनातही पूर्ण म्हणाले नाही. चूक दुरुस्त केली. प्रत्येक बटणाला आपापलं दार दिलं. उंबऱ्यावरचा खोका कुणी हलवला, हे मात्र कुठल्याच ओळीत सापडलं नाही. मग सातव्यावरचं झाकण काढलं.

तो होता. त्याच जागी. तापमान एकोणतीस.

वाट पाहिली. अठ्ठावीस पूर्णांक नऊ. पुन्हा वर गेलं नाही. अठ्ठावीस पूर्णांक आठ.

मी बोळात गेले आणि चुन्याच्या भिंतीला कान लावला. आधी काही नाही, फक्त माझंच रक्त वाजत होतं. मग पलीकडून, अगदी जवळून, कुणीतरी तळव्यांत फुंकलं. दोनदा आखूड. एकदा लांब. लांब फुंकर मध्येच तुटली, कारण दात वाजत होते.

"मुन्जी!" मी भिंतीवर दोन्ही मुठी आपटल्या. "मुन्जी, मी आहे!"

फुंकर थांबली. मग भिंतीतून फार दमलेला आवाज आला. शब्द कळले नाहीत. पण त्यातला एक लांबलचक होता आणि तो मला ओळखीचा होता. मला चिडवताना तो हा शब्द असाच ओढतो. लाल बटणानं त्याला बाहेर नाही, इथे आणलं होतं.

८

फोन वाजला तेव्हा मी स्क्रीनपुढे होते. सत्तावीस पूर्णांक सहा.

"सिहेम," मुन्जी म्हणाला. "आईनं ताट वाढलंय. येतेस ना?"

"येते. तू कुठे बसलायस?"

"बाहेरच्या खोलीत."

"आणि आई?"

"स्वयंपाकघरात. का?"

माझं बोट 'दार' या बटणावर होतं. हे दार कुठे उघडतं ते मला माहीत नव्हतं. बोळातली भिंत मी दहादा चाचपली होती. तिला फट नाही, बिजागरी नाही. एकदा उघडलं तेव्हा काय बाहेर आलं ते मी पाहिलं होतं. पुन्हा उघडलं तर माझा भाऊच येईल, त्याच्या मागून आणखी कुणी येणार नाही, हे कोण सांगणार? पण आत मुन्जी गारठून मरत होता, आणि मी बहीण होते त्याची.

"सिहेम," फोनमधला आवाज म्हणाला, "कुठल्या बटणाला हात लावू नकोस."

मी त्याला बटणाबद्दल काहीच बोलले नव्हते.

मी दाबलं.

बोळात काही वाजलं नाही. मी भिंतीकडे बघत राहिले, ती तशीच कोरी. स्क्रीनवर सत्तावीसचे एकदम दोन अंश झाले, रिकाम्या खोलीचे असतात तसे. आणि मग तो आवाज आला. खर्र, टक. फोनमधून आला, आमच्या घरातून. आमच्या स्वयंपाकघराला पडदा आहे. अडसर असलेलं दार अख्ख्या घरात नाही.

पाठोपाठ आई ऐकू आली, थोडी लांबून, स्वयंपाकघरातून.

"अरे मुन्जी! तू मागून कसा आलास? अगं बाई, हात केवढे गार रे तुझे! ये, चुलीपाशी ये आधी. आणि हा लसणाचा वास कसला?"

मी रडायला लागले. आवाज काढायचा नाही म्हणून ओठ चावून धरले.

फोन अजून चालूच होता. बाहेरच्या खोलीत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. पडद्याच्या कड्या दांडीवर हळूच वाजल्या.

"आई," फोनमधला मुन्जी शांतपणे म्हणाला, "कुणाशी बोलतेस?"